काळे हात

मी याच शाळेतून सातवी पास होऊन गेले. आता नववीत आहे. बाईंनी भित्तिपत्रकासाठी लिहायला सांगितले तेव्हा काय लिहू, काय नको, असे झाले. हायस्कूलात जाणाऱ्यांना सांगावी अशी एकच गोष्ट आठवते, आणि ती काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

सर्वांना एकच गणवेश असला की गरीब-श्रीमंत हा भेद राहत नाही, असे आपण सगळेच निबंधात लिहितो. मला आता ते पटत नाही. कपडे सारखे दिसले की नजर बाकीच्या गोष्टींवर जाते. चप्पल कुणाची शिवलेली, दप्तर कसले, डोक्याला तेल किती. आम्हा वाडीवरच्या मुलींना हे पहिल्या आठवड्यातच कळले.

आठवीत असताना फेब्रुवारी महिन्यात वर्गातल्या एका मुलीचे हात काळे पडले. बोटांची सालपटे निघालेली, नखे काळी. "तिला रोग झालाय, लागेल हां!" असे कुणीतरी म्हटले नि तिच्या बाकावर कुणी बसेना. नळाला तिचा हात लागला की मागची मुलगी तोटी धुवून घ्यायची.

आता खरे सांगते. तो रोग नव्हता, हे मला माहीत होते. तो काजूचा चीक. ओल्या बिया चिरून गर काढताना टरफलातले तेल हाताला लागते. त्याने हात भाजतात, कातडी काळी पडते, मग सोलते. राख लावा की खोबरेल लावा, थोडे तरी लागतेच. माझ्या आजीने सारा जन्म हेच केले. शेकड्याने गर मोजून ती बाजारात न्यायची. तरी मी तोंड उघडले नाही. उघडले असते तर "तुला कसं गं माहीत?" असे विचारले असते ना!

त्याच आठवड्यात २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती आली. मी भाषण केले. १८७६ साली जन्मलेले बाबा अंगावर चिंध्या घालून, हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले, नि त्याच फाटक्या माणसाने पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, असे जोरात सांगितले. बक्षीस म्हणून वही मिळाली. ती मागच्या बाकावर एकटीच बसून टाळ्या वाजवत होती.

मोठी माणसे म्हणतात, मुलांना समज नसते म्हणून ती दिसण्यावरून माणूस ठरवतात. माझे मत वेगळे आहे. समज असते. आपल्याला कुणी हसू नये म्हणून आपण आधी दुसऱ्याला हसून घेतो. मी तर हसलेही नाही, नुसती गप्प बसले. पण तिला दोन्ही सारखेच.

पुढे एकीने डब्यात काजूगरांची उसळ आणली. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. तेव्हा मात्र मला राहवेना. म्हटलं, "हे गर हात काळे केल्याशिवाय निघत नाहीत. माझी आजीपण काढते." कुणी काही बोलले नाही. एक जण फिसकन हसली, तेवढेच.

संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर ती जवळ आली. म्हणाली, "मगे इतके दिवस गप कित्याक रवलंस गो?"

मला उत्तर देता आले नाही.

यंदा आम्ही एका बाकावर बसतो. गेल्या रविवारी तिच्या पडवीत बसून मी शंभर बिया चिरल्या. तेवढ्यात तिच्या तीनशे झाल्या! माझ्या अंगठ्याची साल निघाली आहे. तेव्हा अक्षर वेडेवाकडे आले असेल तर सांभाळून घ्या.