घर सोडण्याआधी मेन पाडून बघा

तेलंगणातल्या भीमपुरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पैनगंगेच्या अलीकडच्या शिवारातल्या विहिरी-बोअरवरच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात. गुंडाळी उघडली की ती कशाने जळाली ते बहुधा कळतं. कधी एक फेज गेलेली असते, कधी बोअर कोरडा पडलेला असतो, कधी सील गळून पाणी आत शिरलेलं असतं. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. बहुतेक मोटारी जवळ कोणी नसताना जळतात.

गेल्या दिवाळीत हेच मी पुण्यातल्या एका काचेच्या टाकीत पाहिलं. माझ्या मोठ्या भावाच्या मुलाने तिथल्या फ्लॅटमध्ये तीनशे लिटरची समुद्री टाकी उभी केली आहे. लहानपणी त्याला मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं, तेव्हापासूनचा हा ध्यास. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, म्हणून ते त्याने ठेवले नाहीत. टाकीत मऊ प्रवाळ आहेत आणि सात मासे होते. खाली संप, त्यातून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, पाणी थंड ठेवणारा चिलर, वाफ होऊन घटलेलं पाणी भरणारा फ्लोट आणि मोबाइलवर तापमान दाखवणारा कंट्रोलर, असा सगळा जामानिमा आहे.

दिवाळीला तो भीमपूरला आला. फ्लॅटची किल्ली त्याच्याच खिशात होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याने मला मोबाइल दाखवला. "काका, बघा, पाणी २६ अंशावर आहे." दुसऱ्या दिवशीही २६, संध्याकाळीही २६. तेव्हा माझ्या मनात खुट्ट झालं. दिवसरात्रीत पाण्याचा पारा थोडा तरी हलतो. एकच आकडा इतका वेळ टिकतो म्हणजे मीटर मेलेला असतो. त्याने मित्राला फोन केला, मित्राने कुलूपवाला आणला आणि दार उघडलं. घरातला फ्रिज चालू होता, इन्व्हर्टर भरलेला होता, पण टाकीची लाइन बंद होती. पाच मासे तळाशी पडले होते. दोन क्लाउनफिश पृष्ठभागाजवळ तोंड उघडून श्वास घेत होते.

भाऊबीज झाल्यावर मी टेस्टर आणि मेगर घेऊन त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. कारण सापडायला दहा मिनिटं लागली. संपमधल्या एका जुन्या पंपाच्या वायरला चीर गेली होती. खारं पाणी आत शिरलं, करंट गळला आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, पडला. त्याने आपलं काम चोख केलं, तो माणसाचा जीव वाचवतो. तो काढून टाकण्याचा विचारही कोणी करू नये. चूक वायरिंगच्या मांडणीत होती. पंप, चिलर, दिवे, कंट्रोलर, सगळं त्या एकाच आरसीसीबीवर होतं. एक वायर चिरली आणि सगळंच थांबलं. खबर देणारा कंट्रोलरही त्यातच गेला आणि मोबाइलवर शेवटचा आकडा तसाच राहिला.

समुद्री टाकीत वेळ फार कमी मिळतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू विरघळतो आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. पाणी हलतं तेव्हा पृष्ठभागावरून हवा आत जाते. हलणं थांबलं की मासे, प्रवाळ आणि पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू, सगळे उरलेल्या प्राणवायूवर जगतात आणि तो काही तासांतच संपतो. म्हणून वीज गेल्यावर आधी पाणी हलतं ठेवायचं, दिवे आणि बाकी सगळं नंतर.

हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, भरवशाचे हजार धरावेत. चिलर आणि दिव्यांसह पाचशे वॅट ओढले तर ती दोन तासांत बसते. फक्त लाटा करणारा छोटा पंप आणि हवेचा पंप मिळून वीस वॅट ठेवले, इन्व्हर्टर स्वतः खातो तेवढे आणखी वीस धरले, तरी एक दिवस निघतो. पुतण्याने बॅटरीवर दिवेसुद्धा जोडले होते.

मी टाकीच्या दोन लाइन केल्या आणि प्रत्येकीला वेगळा आरसीसीबी दिला. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप बसवला. मग पुतण्याला म्हटलं, "आता मेन पाड." तो बिचकला. पाडल्यावर दोन मिनिटांत संप भरून फरशीवर पाणी वाहू लागलं. रिटर्न पाइपचं तोंड टाकीत खोल बुडालेलं होतं, त्यामुळे सायफन लागून वरचं पाणी खाली ओढलं जात होतं. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला एक छोटं भोक पाडलं, म्हणजे पातळी थोडी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. दुसऱ्यांदा मेन पाडली तेव्हा फरशी कोरडी राहिली. वर्षभर दडलेला दोष मेन पाडल्यावर दोन मिनिटांत उघडा पडला.

आपोआप चालणाऱ्या वस्तूंचा अनुभव आमच्याकडच्या शेतकऱ्याला चांगला आहे. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली, तेव्हा सरकारने ऑटो स्टार्टर काढायला सांगितलं. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, मालक घरी झोपलेला आणि जमिनीतलं पाणी उपसलं जात राहायचं. बोअर कोरडा पडला की मोटार माझ्या दुकानात. टाकीतला फ्लोटही असाच. तो शेवाळाने अडकला तर गोडं पाणी ओतत राहतो आणि क्षारता उतरते. म्हणून दोन फ्लोट एकापाठोपाठ जोडावेत आणि गोड्या पाण्याचं भांडं लहान ठेवावं, म्हणजे सगळं ओतलं गेलं तरी टाकी तग धरेल. हीटर असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान असावेत. एक चालू स्थितीत अडकला तरी पाणी उकळणार नाही.

मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर आदळलं. तिथल्या मत्स्यालयाची इमारत वादळातून तरली, पण पुढे कर्मचाऱ्यांना शहर सोडावं लागलं आणि जनरेटर बंद पडला. सुमारे दहा हजार जलचरांपैकी बहुतेक मासे मेले. ते मत्स्यालय पुन्हा उघडलं ते २००६ च्या मे महिन्यात. जनरेटर असणं पुरलं नाही, त्याच्याजवळ माणूस राहू शकला नाही.

म्हणून माझं सांगणं टाकी ठेवणाऱ्यांना आणि त्याहून जास्त टाकी विकणाऱ्यांना आहे. मी दुरुस्त केलेली मोटार गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवल्याशिवाय देत नाही. टाकी विकणाऱ्याने ती बंद करून दाखवावी. गिऱ्हाइकासमोर मेन पाडावी, तासभर थांबावं, पाणी कुठवर येतं, काय चालू राहतं, काय थांबतं ते दाखवावं आणि मगच बिल फाडावं. पदरच्या पैशातून ऐंशी हजार, लाख घालणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहे. समुद्रातून उचलून आणलेल्या जिवांचा तर त्याहून मोठा आहे.

ठेवणाऱ्यानेही गावाला निघण्याच्या आठवडाभर आधी हे करावं. बिघाड निघाला तर दुरुस्तीला वेळ मिळतो. त्या आठवड्यात नवं यंत्र किंवा नवा मासा आणू नये. खाद्याच्या पुड्या मोजून ठेवाव्यात, कारण मायेने जास्त घातलेलं खाद्य कुजून पाणी विषारी करतं. मोठे मासे दोन-चार दिवस उपाशी राहू शकतात. आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. मोबाइलची सूचना विजेवर चालते, शेजारी विजेवर चालत नाही.

या उन्हाळ्यात पुतण्या आठ दिवस भीमपूरला आला. किल्ली समोरच्या काकूंकडे होती. मासे ओळखायचं काम त्यांना दिलं नव्हतं. टाकीसमोर उभं राहून पाणी हलतंय का एवढंच बघायचं, हलत नसेल तर भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर दाखवलेलं लाल बटण दाबायचं आणि फोन करायचा. रोज सकाळी सात वाजता त्यांचा निरोप यायचा, "पाणी हलतंय." चौथ्या दिवशी साडेसात झाले तरी निरोप आला नाही. पुतण्याने लगेच फोन लावला. काकू मंदिरात गेल्या होत्या. पाणी हलतच होतं.

शांतता ऐकून तो उठला याचंच मला समाधान वाटलं. दिवाळीत तो दीड दिवस २६ चा आकडा बघत बसला होता.