परसांतील मिरची : बीं आणि वाफा

मिरची आपल्याकडे अनादिकालापासून असावी, असें तिखटाचा डबा पाहून कोणासही वाटेल. परंतु चरक-सुश्रुतांच्या संहितांत ती नाहीं. तेथें आहे तें मरीच, म्हणजे काळी मिरी. मिरचीचें माहेर अमेरिका खंड. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यास लागली आणि मिरीचेंच नांव धारण करून आपल्या स्वयंपाकघरांत शिरली. श्राद्धाच्या स्वयंपाकांत कित्येक घरीं अद्यापि मिरचीऐवजी मिरीच घालतात, ही त्या पूर्वकाळाची खूण होय.

अशी परदेशाहून आलेली ही सून आतां घरची धनीण झाली आहे. मात्र तिचें बीं घराघरांतून नाहींसें होत चाललें आहे. दुकानांतून पुडी आणावी, रोपें करावीं आणि पुढील वर्षीं पुन्हां नवी पुडी आणावी, असा क्रम पडला आहे. पुडींतील बीं संकरित असल्यास त्याच्या फळांतून धरलेलें बीं दुसऱ्या वर्षीं मूळ वाणासारखें उतरत नाहीं. एक झाड एका तऱ्हेचें, तर दुसरें निराळ्याच. ज्या घरच्या ठेच्याची आणि सांडग्या मिरचीची चव पिढ्यान् पिढ्या एकच राहिली, तेथें वाण मोडला कीं ती चवही मोडली. यास्तव ज्यांना घरीं बीं धरावयाचें आहे त्यांनीं आरंभीं सरळ वाण घ्यावा. लांब, सुरकुतलेल्या मिरचीचा प्रसिद्ध ‘पुसा ज्वाला’ हा तसा आहे. परभणी येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाचा ‘परभणी तेजस’ हाही वाण आहे.

बीं धरतांना मिरची पाहूं नये, झाड पहावें. लालभडक मिरची रोगट झाडावरही क्वचित् लागते. ज्याचीं पानें चुरडलेलीं नाहींत आणि जें सारखें फळ देतें, अशा दोन-तीन झाडांना तांबडा दोरा बांधून ठेवावा. जवळ दुसऱ्या जातीची, विशेषतः भोपळी मिरची असेल, तर मधमाशांमुळें परागांची सरमिसळ होते. म्हणून कळ्या उमलण्यापूर्वीं एका फांदीवर मलमलीची पिशवी बांधावी. मिरचीचें फूल स्वतःच्या परागानेंही फळ धरतें. फळ धरल्यावर पिशवी काढून तेथें खूण करावी. मिरच्या झाडावरच पूर्ण पिकूं द्याव्या, सावलींत वाळवाव्या, आणि बीं काढून काचेच्या बाटलींत, वर साल लिहून, कोरड्या जागीं ठेवावें. असें बीं दोन वर्षें चांगलें उगवतें. मिरचीचा तिखटपणा मुळांत बियांचा नव्हे; बीं ज्या पांढऱ्या गाभ्यास चिकटलेलें असतें त्याचा तो गुण. पण तो बियांसही लागतो. म्हणून हातांस तेल लावूनच हें काम करावें व मुलांना दूर ठेवावें.

आतां वाफा. आपल्या जिल्ह्यांतील जमीन बहुतेक काळी, पाणी धरून ठेवणारी. सपाट वाफ्यांत रोपें टिकत नाहींत. सहा ते आठ इंच उंच गादीवाफा करावा आणि मातींत कुजलेलें शेणखत व नदीची वाळू मिसळावी. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणींत येतो, तेव्हां बीं टाकावें. दोन ओळींत चार बोटें अंतर, खोली अर्धा इंचाहून कमी, वर पातळ गवत. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतांच गवत काढावें आणि बारीक जाळी ताणावी. कारण पानें चुरडणाऱ्या रोगाचा विषाणू पांढरी माशी आणते, आणि एकदां जडलेला तो रोग बरा होत नाहीं. असें रोप उपटून पुरून टाकावें.

परंतु घरच्या वाफ्यांत माशीपेक्षां मोठा शत्रु म्हणजे घरचें प्रेम. काका पहाटे पाणी घालतात, सूनबाई पूजा आटोपल्यावर घालतात, आणि मुलें शाळेंतून येतांच झारीसाठीं भांडतात. मग एके सकाळीं रोपें बुडाशीं काळीं पडून आडवीं झालेलीं दिसतात. लोक दृष्ट लागली म्हणतात. वास्तविक ओल्या मातींत वाढणाऱ्या बुरशीचें तें काम असतें. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी द्यावें, तेंही सकाळीं. आणि वाफा एकाच माणसाच्या स्वाधीन करावा. तें काम आजोबांकडे असो वा नातवाकडे, इतरांनीं केवळ पहावें.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं, पुनर्वसूच्या पावसांत, रोपें दीड-दीड फुटावर लावावीं. दहा-बारा झाडें मोठ्या घरासही हिरव्या मिरचीपुरतीं होतात. आणि बीं जपून ठेवतांना एक पुडी माहेरवाशिणीबरोबर अवश्य द्यावी. एखाद्या वर्षीं आपल्या परसांत वाण बुडाला, तर तो तिच्या घरून परत मागून आणतां येतो.