घाम कोणाचा, भाव कोणाचा

उन्हाळा आला की इंग्रजी वृत्तपत्रांच्या संगीतविषयक पानांवर दरवर्षी तेच पीक उभे राहते. कोणता गायक कोणत्या शहरात कोणत्या तारखेला, कोणाचा नवा अल्बम कोणत्या शुक्रवारी, पहिल्या आठवड्यात तो किती खपला, मागच्या दौऱ्याने किती गल्ला जमवला. उत्तर अमेरिका आणि युरोप येथे जून ते ऑगस्ट हा खुल्या मैदानांतील मैफलींचा हंगाम असतो, त्यामुळे तारखांची जंत्री छापली जाणे समजण्यासारखे आहे. पण या पानांवर जंत्रीखेरीज काही उरलेलेच नाही. लासलगावच्या कांद्याचे भाव ज्या सुरात सांगितले जातात त्याच सुरात गाण्याविषयी लिहिले जाते. फरक इतकाच, की कांद्याचा भाव वाढला तर कोणीतरी रस्त्यावर येते. मैफलीच्या तिकिटाचा भाव वाढला तर त्याला विक्रम म्हणतात.

टेलर स्विफ्ट हिचा ‘इराज’ दौरा 17 मार्च 2023 रोजी अ‍ॅरिझोनात सुरू झाला आणि 8 डिसेंबर 2024 रोजी व्हँकुव्हरला संपला. 149 प्रयोग, सुमारे एक कोटी प्रेक्षक, दोनशे कोटी डॉलरांहून अधिक तिकीटविक्री. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण दीड वर्ष दुसरे काही वाचायलाच मिळत नव्हते. तीन तासांहून अधिक चालणाऱ्या त्या प्रयोगाची रचना कशी होती, जुनी गाणी नव्या क्रमाने गाताना त्यांच्या अर्थाला काय होत होते, हे सांगणारे लेखन शोधून काढावे लागले. समीक्षेने आपली जागा हिशेबनीसाला दिली आहे, आणि ही जागा तिने स्वखुशीने दिली, ही माझी तक्रार आहे.

हे घडले कसे ते आधी पाहू. लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात दौरा आणि ध्वनिमुद्रिका यांचे नाते एकेकाळी स्पष्ट होते. दौरा हा ध्वनिमुद्रिका खपवण्यासाठी असे. बीटल्सनी 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अखेरची तिकीट लावलेली मैफल केली आणि दौरे कायमचे थांबवले. पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’ आला. मैफल सोडूनही, किंबहुना मैफल सोडल्यामुळेच, कलाकृती घडवता येते, कारण उदरनिर्वाह त्या कलाकृतीवर चालतो, असा त्या निर्णयाचा अर्थ होता. 1999 साली नॅपस्टर आले आणि हा पाया खचला. 2002 साली डेव्हिड बोवीने एका मुलाखतीत भाकीत केले, की संगीत नळाच्या पाण्यासारखे किंवा विजेसारखे होईल, तेव्हा पुष्कळ दौरे करण्याची तयारी ठेवा. दोनच वर्षांनी, 2004 मध्ये, प्रिन्सने आपल्या दौऱ्याच्या तिकिटाच्या किमतीतच नव्या अल्बमची तबकडी घातली. मैफलीला येणारा प्रत्येक जण आपोआप त्या अल्बमचा खरेदीदार ठरला आणि खपाच्या यादीत त्याची गणना झाली. नियम बदलले, पळवाटा निघाल्या, आणि अखेर 2020 साली ‘बिलबोर्ड’ला तिकिटाच्या किंवा सदऱ्याच्या शेपटीला बांधलेले अल्बम मोजणे बंद करावे लागले.

या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येते: पूर्वी अल्बमसाठी दौरा असे, आता दौऱ्यासाठी अल्बम असतो. नवी गाणी ही तिकीटविक्रीची दवंडी झाली. अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता, की 1996 ते 2003 या काळात अमेरिकेतील मैफलीच्या तिकिटाची सरासरी किंमत 82 टक्क्यांनी वाढली, तर सर्वसाधारण महागाई केवळ 17 टक्क्यांनी. बोवीच्या भाकिताची चाहूल बाजाराला त्याच्याही आधी लागली होती, असे म्हणावे लागते.

येथपर्यंत मी कोणाला दोष देत नाही. गायकाला पोट असते, वादकाला घर असते, आणि स्ट्रीमिंगचे पैसे बहुतेकांच्या हाती नाममात्र पडतात. दौऱ्यावर जगणे हा गुन्हा नव्हे. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे, आणि तो मांडण्यासाठी मला एका आवडत्या गायकाचे नाव घ्यावे लागणार आहे.

ब्रूस स्प्रिंगस्टीन. न्यू जर्सीतील फ्रीहोल्ड या गावचा. वडील कधी कारखान्यात, कधी बसचालक. बंद पडलेल्या गिरण्या, कामावरून काढलेले लोक, युद्धावरून परतून नोकरीसाठी वणवण करणारा सैनिक, ही त्याची सृष्टी. 1982 चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्याने घरी साध्या चार-ट्रॅक यंत्रावर ध्वनिमुद्रित केला. आपल्याकडे ज्याला जीवनवादी म्हणता येईल असा हा कलावंत. 1984-85 च्या दौऱ्यात तो गावोगावच्या अन्नपेढ्यांना आणि बेकार पोलाद कामगारांच्या संघटनांना देणग्या देत फिरला. त्याच्या गाण्यातला ‘मी’ आणि मैदानात उभा असलेला माणूस एकाच वस्तीतले आहेत, हा विश्वास त्याच्या कलेचा कणा होता.

जुलै 2022 मध्ये त्याच्या नव्या अमेरिकी दौऱ्याची तिकिटे विक्रीला आली. त्यातील काही तिकिटांना ‘डायनॅमिक प्रायसिंग’ लावलेले होते: मागणी वाढेल तसा भाव वाढणार. काही जागांचा भाव चार-पाच हजार डॉलरांवर गेला. तिकीट कंपनीने खुलासा केला, की अशी तिकिटे एकूण तिकिटांच्या 11.8 टक्केच होती. व्यवस्थापकाने सांगितले, की सरासरी भाव रास्त आहे. मग त्या वर्षाच्या नोव्हेंबरात स्प्रिंगस्टीन स्वतः बोलला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: आम्ही वर्षानुवर्षे बाजारभावापेक्षा कमी दराने वाजवत आलो, वरचा पैसा काळाबाजारवाला खातो, तो पैसा रंगमंचावर तीन तास घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये?

हा युक्तिवाद हलका नाही. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिले उत्तर व्यवहाराचे. काळाबाजारवाला खातो म्हणून मीच खातो, या म्हणण्यात चोरी थांबत नाही. फक्त ती कोणाच्या नावावर जमा होते ते बदलते. ज्याने ऐपतीबाहेरचे पैसे मोजले, त्याला ते कोणाच्या खिशात गेले याने काय फरक पडतो? आणि दुसरा मार्ग नव्हता हेही खरे नाही. 2023 मध्ये ‘द क्युअर’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने अमेरिकेत वीस डॉलरांपासून तिकिटे ठेवली, डायनॅमिक प्रायसिंग नाकारले, आणि कायद्याने जिथे शक्य होते तिथे तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही अशी अट घातली. सेवाशुल्कच तिकिटाहून अधिक लावले गेल्याचे दिसताच गायक रॉबर्ट स्मिथने जाहीर आवाज उठवला, आणि कंपनीला तिकिटामागे पाच ते दहा डॉलर परत करावे लागले. रक्कम किरकोळ आहे, पण परत द्यावी लागली. आयर्लंडने 2021 साली छापील किमतीपेक्षा अधिक दराने होणारी पुनर्विक्री कायद्यानेच बंद केली. तेव्हा काळाबाजार म्हणजे काही पाऊस नव्हे, की छत्री उघडण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही.

या लढ्याचा इतिहासही जुना आहे. 1994 साली ‘पर्ल जॅम’ने वीस डॉलरांच्या आत तिकीट ठेवण्याचा आग्रह धरला, टिकेटमास्टरविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली, त्यातील दोघांनी संसदेच्या उपसमितीसमोर साक्ष दिली, आणि त्या वर्षीचा उन्हाळी दौरा रद्द केला. 1995 मध्ये न्याय खात्याने चौकशी गुंडाळली. काही वर्षांत ‘पर्ल जॅम’ही त्याच खिडकीवर परतले. 2010 मध्ये टिकेटमास्टर आणि लाइव्ह नेशन यांचे विलीनीकरण झाले, म्हणजे मैफल भरवणारा आणि तिकीट विकणारा एकच झाला. मे 2024 मध्ये त्याच न्याय खात्याने या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. तीस वर्षांपूर्वी चार-पाच तरुण वादक जे सांगत होते ते सरकारच्या कानी पडायला तीस वर्षे लागली. या काळात संगीतसमीक्षक काय करत होते? गल्ला मोजत होते.

दुसरे उत्तर वाङ्मयाचे आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. प्रयोगकलेत प्रेक्षक हा कलाकृतीच्या बाहेर नसतो, हे आम्ही नाटक शिकवताना वर्गात दरवर्षी सांगतो. मैफलीत गाणे गायकाच्या ओठांवर अर्धे असते आणि समोरच्या हजारो ओठांवर अर्धे. मग समोर कोण उभे राहणार हे किमतीने ठरत असेल, तर किंमत ही त्या प्रयोगाच्या अर्थाचा भाग झाली. कामावरून काढलेल्या मजुराचे गाणे त्या मजुराला परवडणार नाही अशा मैदानात गायले गेले, तर शब्द तेच राहतात, सूर तेच राहतात, आणि गाणे बदलते. ते साक्ष राहत नाही, स्मरणरंजन होते. घाम गायकाचा आहे हे मान्य. पण त्या गाण्यांत पन्नास वर्षे जो घाम मुरला आहे तो केवळ गायकाचा नाही. तो ज्यांचा आहे त्यांचा भाव कोण करणार?

कलावंताने आपल्या कलेची किंमत घ्यावी की नाही, हा वाद मी घालत नाही. ज्याने केवळ करमणुकीचा करार केला आहे त्याने करमणुकीचे पैसे घ्यावेत. ज्याने साक्षीचा करार केला आहे त्याला तो एकतर्फी बदलता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

असा करार सर्वांनाच कळतो. ‘ओॲसिस’च्या पुनर्मीलनाची तिकिटे 31 ऑगस्ट 2024 रोजी विक्रीला आली, तेव्हा तासन्‌तास रांगेत बसलेल्यांना सुमारे दीडशे पौंडांच्या जागी साडेतीनशेचा भाव दिसला. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली, तेव्हा यंत्राने क्षणाक्षणाला भाव बदलल्याचा पुरावा मिळाला नाही; उभ्या जागांचे दोन दर होते, स्वस्त संपताच महाग सुरू होत होते, आणि रांगेतल्याला हे आधी धड सांगितले गेले नव्हते. म्हणजे यंत्रालाही दोष देण्याची सोय उरली नाही. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 22 सप्टेंबर 2024 रोजी, ‘कोल्डप्ले’च्या नवी मुंबईतील मैफलींची तिकिटे निघाली. अडीच हजार ते पस्तीस हजार रुपयांची तिकिटे काही मिनिटांत संपली आणि पुनर्विक्रीत लाखांवर बोलू लागली. आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी त्या दिवशी सबंध दुपार मोबाइलवर रांगेत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले, त्यांचे कोणते गाणे आवडते? तो म्हणाला, ‘‘सर, गाणी फारशी नाही ऐकली. पण तिथे असायला हवं होतं.’’ मी त्याला हसलो नाही. वर्तमानपत्रांनी त्याला जे शिकवले तेच तो म्हणाला. त्याला गाण्याबद्दल कोणी काही सांगितलेच नव्हते.

एक नोंद मात्र केलीच पाहिजे. ‘बॅकस्ट्रीट्स’ नावाचे नियतकालिक 1980 साली सिअ‍ॅटलमध्ये चार्ल्स क्रॉस याने सुरू केले. स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांचे, चाहत्यांनी चालवलेले. त्याच्या प्रत्येक मैफलीची, गाण्यांच्या क्रमाची, बदललेल्या ओळीची नोंद तिथे होत असे. फेब्रुवारी 2023 मध्ये, नवा दौरा सुरू होत असतानाच, ते बंद करत असल्याचे संपादकाने जाहीर केले. तिकिटांच्या भावाने मन मोडले आहे, वाचकच आत जाऊ शकत नसतील तर पूर्वीच्या उमेदीने लिहिता येणार नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. धंदा बुडाला म्हणून हे नियतकालिक बंद पडले नाही. बातमी देण्याची सर्वांत चांगली संधी समोर असताना ते थांबले. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद झाले त्याची कारणे निराळी होती, पण नियतकालिक कोणाच्या बळावर चालते आणि कशाने थांबते याची चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांना या घटनेचे मोल कळायला हवे. त्रेचाळीस वर्षांच्या प्रेमाने दिलेली ही समीक्षा होती, आणि त्या साऱ्या प्रकरणात मला दिसलेली सर्वांत निखळ समीक्षा तीच.

यावर आपल्याच वर्तुळातून एक आक्षेप येईल: हा आपला प्रांत नाही, हे बाजारू संगीत, त्याचा बाजार त्याला लखलाभ. हा सोवळेपणा मला मान्य नाही. आपण लोकसाहित्याच्या तासाला लोकांचे गाणे गौरवायचे आणि आज लोक जे गातात त्याकडे पाठ फिरवायची, म्हणजे ते गाणे मेल्यावरच त्याचा अभ्यास करायचा. मैदान आपण सोडले म्हणून तिथे हिशेबनीस बसला.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात एवढेच व्हावे. मैफलीवर लिहिणाऱ्याने गाण्यांचा क्रम सांगावा, आवाजाची अवस्था सांगावी, आणि त्याबरोबर शेवटच्या रांगेतल्या जागेचा दर सांगावा. गल्ला सांगू नये. तो कंपनीचे लोक सांगतीलच. दाराबाहेर कोण राहिले हे पाहावे आणि तेही लिहावे. जे गाणे त्याच्याविषयी होते, ते त्याला कुंपणापलीकडून कितपत ऐकू आले, हा प्रश्न समीक्षेचाच आहे.