सरासरीच्या आड दडलेली विषमता

रुग्णालयेही हवा तापवितात, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु जगाच्या एकूण कर्ब उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा सुमारे ४.४ टक्के आहे, असा हिशेब ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेने २०१९ साली मांडला. त्याच हिशेबानुसार आरोग्यसेवेपोटी अमेरिकेत दरडोई होणारे उत्सर्जन भारताच्या ५७ पट आहे.

भारताचा हा दरडोई आकडा म्हणजे सरासरी. आणि सरासरी हे आम्हा अर्थशास्त्र्यांचे आवडते पांघरूण! त्याखाली अहोरात्र वातानुकूलित असणारे पंचतारांकित खासगी रुग्णालयही आहे आणि वीज गेल्यावर बॅटरीच्या उजेडात बाळंतपण करणारे खेड्यातील केंद्रही आहे. दोघांना सारख्याच टक्क्यांनी ‘कपात करा’ म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

कपात जेथे चैन आहे तेथे करावी. भूल देण्यासाठी वापरला जाणारा डेस्फ्लुरेन हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो. त्याला पर्याय आहेत. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने २०२४ साली त्याचा नेहमीचा वापर बंद केला. त्यामुळे कोणा रुग्णाचे अडले नाही.

ग्रामीण केंद्रांचा प्रश्न मात्र उलटा आहे. तेथे वीज कमी नव्हे, अधिक हवी. फक्त ती कोळशाची नको. छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौरसंच बसविले गेले. २०१७ सालच्या पाहणीत, विजेची टंचाई असलेल्या पण सौरसंच नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत तेथे महिन्याकाठी जवळजवळ दुप्पट प्रसूती होत असल्याचे आढळले. ‘पर्यावरण की गरिबांचे आरोग्य’ हा वाद किती खोटा आहे, हे यावरून दिसते.

आपल्या जिल्ह्यातील ग्रामीण केंद्रे औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. सौरसंचाच्या उद्घाटनाला पुढारी मिळतात. चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलण्यासाठी मात्र पैसा मिळत नाही. भांडवली खर्चाची हौस आणि आवर्ती खर्चाचा कंटाळा, हा आपल्या सार्वजनिक वित्तव्यवहाराचा जुना रोग आहे. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. उद्या ‘हरित’ शब्दाच्या आडून हा खर्च आणखी आखडला जाऊ नये, याविषयी आपण सावध असले पाहिजे.

शेवटी, जो रुग्णालयात येतच नाही त्याच्या उपचाराचे उत्सर्जन शून्य! आपल्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुधा अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती आरोग्य सोपविले. त्यांनी बालमृत्यू घटविले ते स्वच्छ पाणी, लसीकरण आणि पोषण यांच्या बळावर.

तेव्हा जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकाआधी तालुक्यातालुक्यांतील साथींनी प्रत्येक केंद्राची यादी करावी: सौरसंच आहे काय, तो चालतो काय, बॅटरी कधी बदलली, लसींचे शीतकपाट आणि प्रसूतिगृह त्यावर जोडले आहे काय. ती यादी घेऊन मग औरंगपुऱ्यात यावे.