हलालचा प्रश्न आणि हाताचा विटाळ

मारेगावात अशिलाला चहा पाजायचा तर टपरी आहे. मटण कसे कापले, हे इथे कोणी विचारत नाही. खाटीक ओळखीचा असतो. पण नागपूरला शिकणारी आमच्या ओळखीच्या एका मुसलमान घरातली मुलगी मैत्रिणींसोबत कॉफीच्या एका साखळी दुकानात गेली आणि तिने विचारले, "चिकन सँडविच हलाल आहे का?" काउंटरवरच्या पोराला माहीत नव्हते. रांगेतला एकजण मात्र लगेच म्हणाला, "इथेही यांना हलाल पाहिजे!" मुलीने मुकाट्याने हिरव्या ठिपक्याचे पनीर सँडविच घेतले.

आता हा हिरवा ठिपका काय आहे? शाकाहारी ग्राहकाच्या श्रद्धेसाठी सरकारने कायद्याने सक्तीची केलेली खूण. ती शाकाहारी मालाच्या पाकिटांवर छापली जाते, तिचा खर्च सगळेच ग्राहक भरतात आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मुसलमान ग्राहकाने तेवढीच माहिती मागितली की मात्र देश धोक्यात येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्डने आमच्याकडे हलाल प्रमाणपत्र आहे असे एका ग्राहकाला कळवले, तर बहिष्काराची हाक उठली. 18 नोव्हेंबर 2023 ला उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यातीच्या मालाला मात्र सूट दिली. म्हणजे परदेशी मुसलमानाच्या पैशाला विटाळ नाही!

चळवळीतले काही कार्यकर्ते मला विचारतात, "वकीलसाहेब, हलालमध्येही कापणारा मुसलमानच लागतो. कोणाच्या हातचे, हा प्रश्न तर आपल्याच छातीत रुतलेला आहे. मग फरक काय?" प्रश्न रास्त आहे, तो झटकून चालणार नाही. कापणाऱ्याची अट साधारणपणे असतेच. पण ती अट जनावर कसे मारले, त्यावर कोणाचे नाव घेतले, रक्त वाहून गेले की नाही, इथपर्यंतच आहे. पुढे ते मांस बौद्धाने शिजवले, मातंगाने वाढले, तरी ते हरामाचे होत नाही. विटाळ ही वेगळीच चीज आहे. 2019 च्याच जुलैत जबलपूरच्या एका ग्राहकाने झोमॅटोची ऑर्डर रद्द केली, कारण जेवण आणणारा पोरगा मुसलमान होता. जेवण तेच, हॉटेल तेच, आक्षेप फक्त हातावर. शाळेत दलित बाईने शिजवलेली खिचडी नाकारली जाते ती ह्याच जातीची गोष्ट आहे.

मार्च 2025 मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केले. झटका खायचा तर खुशाल खावा, शिखांमध्ये ती रीतच आहे. पण तिथे मटण कसे कापले यापेक्षा दुकान शंभर टक्के हिंदूचे आहे, यावर भर होता आणि तोही मंत्रिपदावरून. कावड यात्रेच्या वाटेवरील खाणावळींनी मालकांची नावे लावावीत, या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलै 2024 ला स्थगिती दिली, तेव्हा हाच भेद केला : कोणते अन्न आहे ते लिहा, माणसाचे नाव लिहिण्याची सक्ती नको. बाबासाहेबांच्या घटनेचे कलम 15(2) दुकाने आणि उपाहारगृहे धर्म-जातीच्या आधारावर कोणालाही बंद करू देत नाही. त्यामागे महाडचे पाणी आहे.

हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनीही आपली फी आणि तपासणी उघड करावी; तेल-साखरेवर असले शिक्के कशाला, हे मला समजत नाही. पण मांसाचा प्रश्न साधा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माहितीचा हक्क आहे. दुकानाने पुरवठादाराचा कागद काउंटरवर ठेवावा, हो किंवा नाही सांगावे. त्या मुलीला मी एवढेच म्हटले, "बेटा, पुढच्या वेळी तोंडी विचारू नकोस, लेखी माग." अर्ज मी लिहून दिला आहे.