होस्टा मागवताय? आधी हे वाचा!

दोन घरांमधली चिंचोळी जागा, मागचं अंगण किंवा आंब्याखालचा कोपरा. गुढियारीसारख्या दाट वस्तीत अशा ठिकाणी सकाळचं दोन-तीन तास ऊन येतं, बाकी सगळी सावली. फुलझाडं तिथे रुसतात. मग ऑनलाइन दिसणारा पांढऱ्या काठाचा होस्टा मनात भरतो.

होस्टा इथे का टिकत नाही?

होस्टा मूळचा चीन, जपान आणि कोरियाचा. पानं गाळून हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याच्या थंडीत झोपणं ही त्याची गरज. रायपूरच्या हिवाळ्यात ती थंडी मिळत नाही आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळिशी गाठतो. रोप दरवर्षी लहान होत जातं आणि शेवटी संपतं. बियांची पाकिटं तर घेऊच नका. चितकबऱ्या होस्टाच्या बियांतून बहुतेक साधी हिरवी रोपंच येतात.

मग काय लावाल?

कॅलेडियम : पांढरी, गुलाबी, लाल शिरांची पानं. पावसाळ्याच्या सुरुवातीला कंद दीड-दोन इंच खोल लावा. माती भुसभुशीत हवी, त्यात पालापाचोळ्याचं खत मिसळा. हिवाळ्यात पानं सुकली की झाड मेलं असं समजून कुंडी रिकामी करू नका! पाणी थांबवा, कंद कोरडे राहू द्या. उन्हाळा लागला की पुन्हा कोंब येतील.

चितकबरा अल्पिनिया : आल्याच्या कुळातला, पिवळ्या पट्ट्यांचा. जमिनीत लावला तर छान पसरतो.

स्पायडर प्लांट : होस्टाच्याच कुळातला, पण आपल्या हवेत रुळलेला. टांगत्या कुंडीत शोभतो.

सावली किती?

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. म्हणून ही झाडं हळू वाढतात आणि दुपारच्या उन्हात कडा करपतात. सकाळचं कोवळं ऊन उत्तम. एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती मुळापासून कापा, नाहीतर जोमाने वाढून ती चितकबऱ्या भागाला दाबून टाकते.

घरात लहान मूल आहे?

अळू चिरताना हाताला खाज येते ना? इथे ज्याला कोचई म्हणतात, तेच. कॅलेडियम, डिफेनबेकिया, अग्लोनेमा, मनी प्लांट ही सगळी अळूच्याच कुळातली. त्यांच्या पानांत तसेच सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ-ओठ सुजतात. मुलाने चावलं तर तोंड पुसून पाण्याने धुवा. सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

रांगतं मूल किंवा मांजर असेल तर या कुंड्या उंचावर ठेवा. खाली स्पायडर प्लांट ठेवा, तो विषारी नाही.

या पावसाळ्यात दोन-तीन कंदांपासून सुरुवात करा. सावलीचा तो रिकामा कोपरा दिवाळीपर्यंत रंगीत राहील.