परसदारी : कडाक्याच्या थंडीतील कोथिंबीर

ग्वाल्हेरकडील एका वाचकभगिनींनी विचारले आहे की, नाताळाच्या सुमारास पेरलेले धणे पंधरा दिवस उलटले तरी वर आले नाहीत, जे आले ते एका रात्रीत काळे पडले. तेव्हा वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद घातल्यास काही उपयोग होईल काय? गोव्यातील वाचकांना या प्रश्नाचे नवल वाटेल, कारण तिकडे भाजीपाल्याचा खरा हंगाम हिवाळाच. परंतु ज्यांच्या गावी पौषात 'पाला पडतो', त्यांना ही अडचण चांगलीच ठाऊक आहे.

उपयोग होईल. मात्र ऊब कागदातून येत नाही. ती उन्हातून येते आणि मातीत साठते. कागद तिला केवळ अडवून धरतो. हे नीट समजून घ्यावयाचे असेल तर लडाखकडे पाहावे. लेह गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. पूर्वी जोजिला खिंड बर्फाने बुजली की श्रीनगरचा रस्ता कित्येक महिने बंद पडे. मग तळघरातील बटाटे, सलगम व वाळविलेला पाला यांवरच घर चाले. आज तेथील पुष्कळ कुटुंबे भर थंडीत पालक आणि कोथिंबीर खुडतात, आणि तीही शेगडी न पेटवता! त्यांच्या हरितगृहाला तीन बाजूंनी कच्च्या विटांच्या जाड भिंती असतात व दक्षिणेच्या उतरत्या बाजूस प्लॅस्टिकचा कागद असतो. मागची भिंत आतून काळी रंगवितात. दिवसभर ती ऊन पिते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. काही ठिकाणी तर तीन फूट खोल खंदक खणून त्यावरच कागद ताणतात. अशी हरितगृहे गावोगाव उभारून देणाऱ्या जेरेस या संस्थेला २००९ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला.

ग्वाल्हेरला एवढा खटाटोप नको. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत सहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफा करावा. बांबूच्या कांबी कमानीसारख्या खोवून त्यांवर स्वच्छ कागद पसरावा आणि कडा मातीने दाबाव्या. एक बाजू मात्र उघडता येईल अशी ठेवावी. अंगणात ऊनच येत नसेल, तर कागदाचे पैसे खर्चू नयेत. सावलीत कागद घालून ऊब मिळत नाही, केवळ ओल कोंडते. धणे रगडून दोन फाकी कराव्या, रात्रभर भिजवावे, मग पेरावे. मेथी त्याआधी उगवते, म्हणून धीर सुटू नये याकरिता शेजारी चार ओळी मेथीच्या असाव्या.

नुकसान होते ते बहुधा थंडीने नव्हे, दुपारच्या उन्हाने. एका जानेवारीत मी सकाळी बाहेरगावी गेलो आणि वाफा बंदच राहिला. संध्याकाळी परतून पाहतो तो पोसलेली मेथी उकडल्यासारखी लोळत होती. म्हणून दहाच्या सुमारास एक बाजू उचलावी व तीन वाजता, ऊन असतानाच, पुन्हा लावावी. सूर्य मावळल्यावर झाकले तर आत कोंडावयास ऊब उरतेच कोठे? अंधार पडता वरून गोणपाट टाकावे. ते सकाळी विसरून राहू नये. मुलांवर हे काम सोपविल्यास ती आनंदाने करतात.

उघड्या शेतात पाल्याच्या रात्री संध्याकाळचे हलके पाणी पिकाला वाचविते. कागदाखाली मात्र पाणी सकाळीच द्यावे, आणि तेही बेताने. संध्याकाळी दिले तर रात्रभर पानांवर दमट थेंब राहून रोपे बुडाशी कुजतात. असे झालेच तर ती उपटून टाकावी, दोन दिवस वाफा वाऱ्याला ठेवावा आणि रिकाम्या जागी पुन्हा धणे टोचावे. संक्रांतीपर्यंत पेरलेले धणे होळीच्या आत खुडावयास येतात.